एकदा पापणी मिटली तर हो

हे मी लिहीत नाही, बोलते आहे. माझ्या बोटांत पेन राहत नाही. मोबाइलमध्ये बोललं की अक्षरं उमटतात, ही युक्ती जावयानं शिकवली. पण मोबाइलला आमची वऱ्हाडी समजत नाही. 'मले' म्हटलं की 'मळे' उमटतं. म्हणून शाळेतल्या मराठीत बोलते. माहेरच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले, ते चाळीस वर्षांनी असं कामाला आलं.

अकोल्याच्या दवाखान्यात एक सिस्टर म्हणाली होती, "तुमी बऱ्या झाल्या की तुमचं सारं लिहा आपा, मागून येनाऱ्या पेशंटले धीर येईन." मी बरी झाले असं म्हणता येत नाही, आणि कोणाला धीर द्यावा असं माझ्याजवळ फार नाही. जे झालं ते सांगते.

माझं काम

मी मन्यारीण. शेगावजवळच्या वरवट बकाल गावी आमचं बांगड्यांचं दुकान. कटलरी, रिबिनी, मेंदी हे सगळं नसरीनचे अब्बा बघायचे. नसरीन आमची एकुलती मुलगी, म्हणून माझ्या मालकांना मी असंच म्हणते. बांगड्या भरणं माझ्याकडे होतं. तीस-बत्तीस वर्षं मी या भागातल्या बायांचे हात दाबले. हिंदूंच्या लग्नात नवरीला हिरवा चुडा भरायला घरी बोलावणं यायचं, आमच्यातल्या लग्नांतही यायचं.

बांगडी डोळ्यांनी भरत नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी एक हाड असतं, ते आत दाबून हात निमुळता करायचा आणि काच किती ताणली गेली ते बोटांच्या टोकांनी ओळखायचं. काच तुटायच्या आधी कळतं. कसं कळतं ते मला सांगता येणार नाही, पण कळायचं.

बूस्टर

माझा मोठा भाऊ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याचं तोंडही आम्हाला पाहू दिलं नाही. त्यामुळे लस आली तेव्हा मोहल्ल्यात सगळ्यात आधी मी घेतली. बाया घाबरायच्या, त्यांना मी दुकानात बसवून सांगायची, घ्या, काही होत नाही. किती जणींना तर हात धरून केंद्रावर नेलं.

पुढे आमचा हजला नंबर लागला. चार वर्षं अर्ज करत होतो. घरात नुसता आनंद. कागदपत्रांत लसीची प्रमाणपत्रं बघणार म्हणाले, म्हणून राहिलेला बूस्टर आम्ही दोघांनी घेतला.

नसरीनच्या अब्बांना काहीच झालं नाही. मला ताप भरला, अंग ठेचल्यासारखं दुखलं, काखेत लिंबाएवढी गाठ आली. हात वर होईना. दोन दिवस मी दुकानात गेले नाही. चौथ्या दिवशी सगळं गेलं, गाठही बसली. मी हसत सगळ्यांना सांगितलं की पहिल्या दोन डोसांना काही झालं नव्हतं, तिसऱ्यानं सगळं वसूल केलं.

हे मुद्दाम सांगते आहे. कारण त्या चार दिवसांनी मला एक चुकीची गोष्ट शिकवली. सुईनंतर काही झालं तर ते आपोआप जातं, हे मी मनात पक्कं करून ठेवलं.

फ्लूची सुई

मे महिन्यात हजला जाणाऱ्यांचा लसीचा कॅम्प झाला. एका मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर ऊन असं की चपलेतून पाय भाजत होते. सगळ्यांना एक सुई मेंदूच्या तापाची होती. मला दमा आहे, म्हणून माझ्या कागदावर फ्लूचीही लिहिली. एक डाव्या हाताला, एक उजव्या. टोचणारी मुलगी चांगली होती, सारखा घाम पुसत होती, मागे मोठी रांग होती. ती म्हणाली, ताप आला तर गोळी घ्या. एवढंच. मीही काही विचारलं नाही.

संध्याकाळी थोडा ताप आला, सकाळी उतरला. मी म्हटलं, सुटले.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावी लग्न होतं. उन्हातलं जेवण. घरी आल्यावर मला दोन दिवस जुलाब झाले. लग्नातून आलेल्या आणखी पाच-सहा जणांना झाले. हेही ध्यानात ठेवा, पुढे डॉक्टरांनी हेच विचारलं.

मुंग्या

कॅम्पला दोन आठवडे होत आले असतील. एका सकाळी पायांच्या बोटांत मुंग्या आल्या. दोन्ही पायांत एकदम. वाटलं, मांडी घालून बसल्यानं असेल. दुपारपर्यंत बोटांच्या टोकांतही आल्या. एका बाईला बांगड्या भरताना पहिल्यांदा मला काच कळली नाही. एक वाढली, मग दुसरी वाढली. आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ती बाई म्हणाली, "आपा, तुमचं लक्ष मक्केतच हाय आजकाल." आम्ही दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी जिना चढताना गुडघे मुडपले. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावलं. नसरीनचे अब्बा म्हणाले, "आपन अकोल्याले दाखवून आनू."

मी म्हटलं, "काऊन? बूस्टरच्या टायमाले नाही का झालतं? चार दिवसांत गेलंच ना."

मी तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी नमाजला उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. चटईवर पडले ती पडलेच. ओरडायला गेले तर आवाजही बारीक निघाला.

हे वाचणाऱ्या कोणाला माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. दोन्ही पायांत सारख्याच मुंग्या येत असतील आणि ताकद खालून वर जात जात कमी होत असेल, तर ते सुईनंतर असो, जुलाबानंतर असो की कशाहीनंतर, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. मी गेले नाही.

निदानाचा दिवस

गाडीत मागच्या सीटवर मला आडवं टाकून आधी शेगाव, तिथून तसंच पुढे अकोल्याला नेलं. नसांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी गुडघ्यावर छोट्या हातोडीनं टकटक केलं. पाय उडाला नाही. दुसरा पायही नाही. कोपरालाही काही नाही. त्यांचा चेहरा मी बघत होते. त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि एकदम वऱ्हाडी सोडून शाळेतल्या मराठीत हळू बोलायला लागले, तेव्हाच मला कळलं.

पाठीत सुई घालून पाणी काढलं. हातापायांना करंट देऊन तपासलं. मग नसरीन आणि तिच्या अब्बांना माझ्यासमोरच सांगितलं, "गुलियन बारी म्हणतात याला. अंगातली रोगाशी लढणारी ताकद चुकून आपल्याच नसांवर उठते."

नसरीननं विचारलं, "कशानं झालं?"

त्यांनी मलाच विचारलं, "मागच्या महिनाभरात ताप, सर्दी, जुलाब?"

"जुलाब झालते," मी म्हटलं. "आनि सुया घेतल्या. हजच्या."

ते थोडं थांबले. म्हणाले, "बहुतेक वेळा हा आजार जुलाबासारख्या संसर्गानंतर होतो. फ्लूच्या लसीनंतर फारच क्वचित होतो, पण होतो. तुमच्या बाबतीत दोन्ही आहेत. कशानं झालं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही."

ते खरं बोलले, त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. पण त्या दिवसापासून माझ्याजवळ दोष द्यायला कोणी उरलं नाही. ना सुई, ना लग्नातली भाजी.

एका श्वासात

अतिदक्षता विभागात रोज सकाळी सिस्टर यायची आणि म्हणायची, "आपा, एका श्वासात मोजा." एक, दोन, तीन असं एका दमात जिथवर जाता येईल तिथवर. पहिल्या दिवशी मी बावीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी चौदा. मला वाटायचं की मन लावून मोजलं तर वाढतील. परीक्षेसारखी तयारी करून बसायची. तिसऱ्या दिवशी आठवर संपले. सिस्टर बाहेर गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली.

मग तोंडातून नळी घातली, मशीन लावलं. पुढे गळ्याला भोक पाडून नळी तिथून नेली. ती खूण अजून आहे, ओढणीखाली झाकते.

लोकांना वाटतं अशा वेळी माणूस बेशुद्ध असतं. मी नव्हते. मला सगळं ऐकू यायचं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा रोज तिच्या कानाशी शेतात काय पेरलं ते सांगायचा, आणि एका दुपारी तो आला तेव्हा खाट रिकामी होती, तेही मी ऐकलं. नाकावर माशी बसली तर ती आपण होऊन उठेपर्यंत वाट पाहायची. अल्लाचं नाव ओठांनी घेता येत नव्हतं. मनात घ्यायची, आणि मधेच विसरून जायची की कुठपर्यंत आले होते.

फक्त पापण्या हलत होत्या. सिस्टरनं ठरवून दिलं होतं. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. तिनंच एकदा, तिची ड्यूटी संपलेली असताना, माझे केस विंचरून वेणी घातली. घामानं सगळ्याची जट झाली होती. अर्धा तास लागला तिला. त्या पूर्ण महिन्यात कोणी मला आजारी नसलेल्या बाईसारखा हात लावला असेल तर तो तेव्हा.

हो की नाही

नागपूरहून हजच्या विमानाची तारीख आली. माझं नाव रद्द झालं होतं. नसरीनच्या अब्बांचं होतं.

मौलानांना विचारून ते आले होते. मौलाना म्हणाले होते की बायको अशी असताना जायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवावं, सांभाळणारं कोणी असलं तर जाता येईल, आणि पुढच्या वर्षीही जाता येतं. हे मला नंतर नसरीनकडून कळलं. ते माझ्याजवळ आले तेव्हा त्यांनी शेवटचा भाग सांगितला नाही.

ते खाटेपाशी उभे राहिले. निळा गाऊन घातला होता, तोंडावर मास्क. म्हणाले, "डॉक्टर म्हनते, जिवाचा धोका टळला. आता नुसता टाइम लागन. महिनोन् महिने. नसरीन हाय अथी, तुही बहीन हाय. मी तथी जाऊन तुह्यासाठीच मांगीन. तुह्या हातासाठी, पायासाठी. दुसरं काहीच नाही मांगनार." मग म्हणाले, "जाऊ?"

मी पापणी एकदा मिटली.

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागले. रडत रडतच मागे सरले. दुसऱ्यांदा पापणी मिटायची होती का मला? किती वेळा स्वतःला विचारलं. मला वाटतं, होती. मला वाटतं, मी मिटलीसुद्धा. पण तेव्हा त्यांचे डोळे झाकलेले होते.

चाळीस दिवस नसरीननं काढले. तिची झोया तेव्हा दोन महिन्यांची. अकोल्यात माझ्या बहिणीच्या घरी बाळ ठेवून ती यायची, दूध पाजायला परत जायची, पुन्हा यायची. कधी कधी तिचा कुर्ता समोरून ओला असायचा. एकदा ती माझे पाय हलवून व्यायाम देत असताना बसल्या बसल्या झोपली, माझा पाय तसाच तिच्या मांडीवर. मला तिला उठवता येत नव्हतं आणि उठवायचंही नव्हतं.

घरी

मशीन सुटलं, नळी निघाली, आवाज आला. बसता यायला लागलं. ते हजहून परतले तेव्हा मी व्हीलचेअरवर घरी आले होते. दारात लोक हार घेऊन उभे होते. हाजी झालेल्या माणसाला भेटायला आलेले लोक आत येऊन मला बघायचे आणि आवाज खाली करायचे.

ते मक्केच्या जमजम विहिरीचं पवित्र पाणी घेऊन आले होते. रोज सकाळी वाटीत थोडं घेऊन माझी दहाही बोटं एकेक करून ओली करायचे आणि पुटपुटायचे. मी करू द्यायची. पावसाळा संपेपर्यंत पायांत थोडं बळ आलं. वॉकर धरून मी संडासापर्यंत जायला लागले. बोटांत काही आलं नाही. गरम, थंड, टोचलं, काहीच कळत नाही, हातात मोजे घालून बसल्यासारखं. कपबशी हातातून कधी सुटली ते आवाज झाल्यावर समजतं. डॉक्टर म्हणाले, जे यायचं ते साधारण वर्षभरात येतं, पुढे थोडं थोडं येईलही, पण आशा बेतानं ठेवा. पाणी संपायच्या आधीच एका सकाळी ते वाटी घेऊन आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. 

लोक यायचे. प्रत्येकाला कारण माहीत असायचं. एक जण म्हणाला, हे सारं सुईनंच केलं, आपन तुमचा व्हिडिओ काढू, लोकाईले समजलं पाहिजे. मी म्हटलं, कशानं झालं ते मोठ्या डॉक्टरला माहीत नाही, मले कसं माहीत असन? तो नाराज होऊन गेला. दुसऱ्या दिवशी मुलांच्या लसींचं काम बघणाऱ्या आशाताई आल्या आणि म्हणाल्या, "आपा, सुईचं नाव नका काढू हो बाहीर. लेकराईचे डोस द्यायले बाया येईनात मंग." त्यांचंही खरं होतं. कोणाला मी ओरडायला हवी होते, कोणाला गप्प राहायला. मला काय झालं ते नुसतं ऐकून घ्यायला कोणी बसलं नाही.

कमलबाई

कमलबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या दोन मुलींचे चुडे मी भरले होते. तिसरीचं लग्न ठरलं तेव्हा त्या घरी आल्या.

मी म्हटलं, "कमलबाई, माहे हात आता कामाचे नाहीत."

"तुमी नुसता हात लावा आपा. दोघींले तुमीच भरल्या. तिसरीले दुसरं कोन भरन?"

मला हाव सुटली. वाटलं, कदाचित हातांना आठवेल. मुलीला समोर बसवलं, तिचा हात घेतला. तिचं हाड कुठे आहे ते मला डोळ्यांनी शोधावं लागलं. पहिली बांगडी गेली. सगळ्या बाया हसल्या, कमलबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसरी अर्ध्यात वाढली. तिसरी वाढली ती तिच्या मनगटात घुसली. रक्त आलं. मला ते दिसलं तेव्हा कळलं, आणि मुलगी ओरडली तरी मी दाबतच होते, कारण मी दाबते आहे हे मला समजत नव्हतं.

मुलीची आत्या मागून म्हणाली, "हे चांगलं नाही झालं व माय, लग्नाच्या चुड्याले रगत."

"काही होत नाही," कमलबाई म्हणाल्या. पदरानं मुलीचा हात पुसला. चहा घेतला, माझी विचारपूस केली आणि गेल्या. चुडा त्यांनी शेगावला जाऊन भरला. मला राग नाही आला. मीही तेच केलं असतं.

त्या संध्याकाळी मी नसरीनच्या अब्बांना म्हटलं, बांगड्यांचा माल ज्याला पाहिजे त्याला देऊन टाका. त्यांनी चार दिवसांत सगळा काढला. दुकानाची ती बाजू आता प्लास्टिकच्या डब्यांची आहे.

एकच विचारलं

एका दुपारी ते मला जेवू घालत होते. चमचा तोंडाशी आणलेला. मी विचारलं, "तवा मी पापनी दोनदा मिटली असती तं?"

चमचा तसाच राहिला. "तू एकदाच मिटली."

"तुमी तोंड झाकलं होतं."

त्यांनी चमचा ताटात टेकवला. मग म्हणाले, "मी एकच पाह्यली. अल्लाची कसम."

"तुमी झूट बोलता असं नाही म्हनत मी."

"मंग काय म्हनतं?"

मला काय म्हणायचं होतं ते मलाही नीट माहीत नव्हतं. त्यांनी उरलेला घास भरवला, तोंड पुसलं. ते माझं सगळं करतात. अंघोळ, केस, कपडे, औषध. गावात म्हणतात की असा नवरा नशिबानं मिळतो. खरं आहे. पण आम्ही दोघं आता एकमेकांशी पाहुण्यासारखं बोलतो. त्यांना त्या दिवशी जाऊ दिलं याचा मला राग नाही, ते गेले याचा आहे, आणि हा दोन्हींतला फरक त्यांना समजावून सांगायला मला जमत नाही.

झोयाचं कार्ड

नसरीन शेगावला राहते. मी जरा वॉकरवर फिरायला लागल्यावर तिच्याकडे गेले. झोया नऊ महिन्यांची झाली होती, रांगत होती. कपाटावर तिचं लसीचं कार्ड दिसलं. दीड महिन्याच्या रांगेत शिक्के होते. पुढे काही नाही.

मी दवाखान्यात होते म्हणून राहिल्या असतील असं वाटलं. म्हटलं, "आता लवकर घेऊन टाक. गोवराची पन येईन आता."

"नाही देनार अम्मी."

"काऊन?"

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गळ्याची खूण, वॉकर, हात. "मले विचारतं काऊन?"

मी तिला समजावलं. कशानं झालं ते माहीत नाही म्हटलं, जुलाबांचं सांगितलं, मामाची आठवण दिली. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुले डॉक्टर पुन्हा फ्लूची सुई घे म्हनन का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण चाळीस दिवस जिनं माझं सगळं केलं तिच्याशी नाही बोलता आलं. "नाही," मी म्हटलं. "मले नोको म्हनलं त्यांनी."

"मंग?"

शेवटी मी तिला एवढ्यावर आणलं की माझ्याबरोबर अकोल्याला चल आणि त्याच डॉक्टरांना विचार. ते म्हणतील तसं करू. ती तयार झाली. झोयाचं कार्ड मी माझ्या पिशवीत ठेवलं.

डॉक्टरांनी झोयाला टेबलावर बसवलं, तिच्याशी थोडं खेळले. मग नसरीनला म्हणाले, "आजीला जे झालं त्याचा बाळाच्या लसींशी संबंध नाही. हिला सगळ्या लसी द्या. उशीर झालाय, आणखी करू नका."

नसरीन म्हणाली, "तुमी लिहून द्या, काहीच होनार नाही म्हनून."

"असं कोणीच लिहून देणार नाही," ते म्हणाले. "पण गोवर झालेली मुलं मी पाहिली आहेत. ते मात्र लिहून देतो."

तिनं मान हलवली. दोनदा हो हो म्हणाली. मला वाटलं, जमलं. बाहेर ऑटोत बसताना मी मनातल्या मनात अल्लाचा शुक्र अदा केला. ऑटो स्टेशनकडे निघाला. झोया तिच्या मांडीवर झोपली होती.

नसरीन रस्त्याकडे बघत म्हणाली, "या डॉक्टरनं आता जसं बसवून सांगतलं, तसं तुले कोनी सांगतलं होतं का? सुईच्या आंधी?"

"नाही."

"असं होऊ शकते म्हनून कोनी म्हनलं होतं?"

"नाही व. गर्दी होती."

"सांगतलं असतं तं घेतली असती तू?"

मी विचार करून खरं उत्तर दिलं. "घेतली असती. पन मंग पाय झिनझिनले त्या दिवशीच मी अकोल्याले आली असती."

 मला वाटलं हे उत्तर माझ्या बाजूचं आहे. तिला ते कसं ऐकू आलं, कोण जाणे. स्टेशन आलं. ती उतरली, मला उतरवलं, वॉकर दिला, बाळ खांद्यावर घेतलं आणि मोकळा हात माझ्यापुढे केला.

"कार्ड दे अम्मी."

मला पिशवीतून कागद काढता येत नाही. तिनंच हात घालून काढलं आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं. गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. तिनं मला पाणी पाजलं, ओढणी सारखी करून दिली. शेगावला तिला घ्यायला जावई आले होते, मला पुढे न्यायला नसरीनचे अब्बा. जाताना तिनं नेहमीसारखी गळामिठी मारली.

झोया आता अकरा महिन्यांची आहे. मी दर जुम्म्याला फोन करते. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारते, सुई देऊन आणली का? नसरीन म्हणते, "पाहू अम्मी," आणि मग फोन झोयाच्या कानाला लावते.